‘किमान २५ वर्षांचा अनुभव’: बडोद्यातील जुन्या वाड्यांच्या विश्वस्तांस खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील जुने वाडे, देवस्थाने आणि सभागृहे सांभाळणाऱ्या मराठी संस्थांचे विश्वस्त व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ज्या संस्थेचा आजीव सभासद आहे तिच्या सर्वसाधारण सभेत गेल्या महिन्यात वाड्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला. निविदेचा मसुदा वाचून दाखवण्यात आला. त्यात कामाच्या वर्णनाला चार ओळी होत्या आणि ठळक अक्षरांत एक अट होती, ती अशी की काम घेणाऱ्यास किमान २५ वर्षांचा अनुभव असावा. ज्या मिस्त्रींना काम द्यावे असे बहुतेकांच्या मनात होते, त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव असल्याचे सभेत तीन वेगवेगळ्या सभासदांनी सांगितले. ‘चाळीस वर्षे नेमक्या कोणत्या कामाची?’ असे मी विचारले, तेव्हा अध्यक्षांनी चहा आल्याचे जाहीर केले. चहा उत्तम होता, पण माझा प्रश्न तसाच राहिला. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण ही अट तिच्या एकटीची नाही. दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत अशा अनेक मसुद्यांत मी ती शब्दशः वाचली आहे. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना लिहीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की या अटीवर मी स्वतः सहज निवडला जाईन. १९८३ मध्ये कलाभवनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी कामाला लागलो आणि छत्तीस वर्षे बांधकामांवर देखरेख केली. आपल्या मसुद्याच्या हिशेबाने मी तज्ज्ञच ठरतो. त्या छत्तीस वर्षांपैकी पहिली वीस वर्षे जुन्या भिंतींच्या बाबतीत मी चुकीचे काम अतिशय सफाईने केले, एवढे सांगायला कोणी मला बोलावणार नाही, म्हणून ते इथेच सांगतो.

१९९१ साली माझ्या आत्याच्या वाड्यातील माजघराची भिंत पोपडे धरू लागली होती. भिंत विटांची, जुन्या चुन्यात बांधलेली, दीड हात जाडीची. मी चुन्याचा सगळा गिलावा खरवडून काढायला लावला, विटांमधल्या दरजा खोल कोरून सिमेंटने भरल्या आणि वर एकास चार प्रमाणाचा सिमेंटचा गिलावा करून घेतला. सूत लावून पाहिले तर भिंत कुठेही रेषभर वाकडी नव्हती. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवायची, आणि तिच्या कौतुकावर मला त्याच आळीत आणखी दोन कामे मिळाली. पहिली तीन-चार वर्षे भिंत कोरडी ठणठणीत होती. मग ओलीचा पट्टा, जो पूर्वी गुडघ्यापर्यंत असायचा, तो कमरेच्या वर दिसू लागला. २००३ च्या पावसाळ्यानंतर एका रात्री ताटाएवढा तुकडा खाली आला, आणि सकाळी आत्याने मला फोन करून एवढेच सांगितले, ‘‘अरे, तुझं सिमिट पडलं. सोबत विटासुद्धा घेऊन पडलंय, ते येऊन बघ.’’

मी जाऊन पाहिले. सिमेंटच्या तुकड्याच्या मागच्या बाजूला विटेचा बोटभर जाडीचा थर चिकटून आला होता, आणि भिंतीत उरलेली वीट नखाने खरवडली तरी लाल पिठासारखी झरत होती. तिच्यावर पांढऱ्या मिठाचे तंतू कापसासारखे उभे होते. आपण ज्याला लोणा लागणे म्हणतो, तो बाहेर न येता गिलाव्याच्या आत बारा वर्षे विटा खात बसला होता. कारण सोपे आहे. जुनी वीट सच्छिद्र असते आणि जमिनीतील ओल ती शोषून वर घेते. चुन्याचा गिलावाही तसाच सच्छिद्र असल्यामुळे ओल त्यातून बाहेर पडते, मीठ त्याच्या पृष्ठभागावर येते, आणि दर काही वर्षांनी खराब होतो तो गिलावा. वीट शाबूत राहते. सिमेंटचा घट्ट थर ही वाट बंद करतो. मग ओल आणखी वर चढते आणि मिठाचे स्फटिक विटेच्या आतच फुगून तिचे तोंड फोडतात.

त्या दिवशी आत्याच्या शेजाऱ्यांनी एका वृद्ध कडियाला, म्हणजे गुजराती गवंड्याला, बोलावून आणले होते. सहीपुरती अक्षरे येणारा हा माणूस सत्तरी ओलांडलेला होता. त्याने विटेची भुकटी चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग तांब्यातले पाणी विटेवर शिंपडले. ते क्षणात आत गेले. तेच पाणी त्याने माझ्या सिमेंटच्या तुकड्यावर शिंपडले, तर ते ओघळून खाली आले. त्याने मला काही शिकवण्याचा आव आणला नाही. गुजरातीत तो एवढेच म्हणाला की, साहेब, तुम्ही हिचं तोंड बांधलंत, म्हणून ही पोटातून फुटली.

या माणसाकडे चाळीसहून अधिक वर्षे होती हे खरे. पण ती मी मोजली नाहीत. मला पुढच्या दोन महिन्यांत त्याच्याजवळ जे दिसले ते वेगळे होते. दर वर्षी पाऊस संपला की दसरा ते दिवाळी या दिवसांत तो आपली जुनी कामे बघत हिंडायचा. कोणी बोलावलेले नसे आणि पैसे मिळण्याचा प्रश्न नसे. ओल कुठवर आली, कोणत्या दरजेतून चुना निसटला, कुठे फोड आले, हे तो हात फिरवून पाहायचा. तरुणपणी एका कामावर घाईघाईने विरवलेला चुना वापरला आणि आतले कच्चे कण नंतर फुगून गिलाव्यावर वाटाण्याएवढे फोड आले, तेव्हापासून चुना खड्ड्यात पाण्याखाली पुरेसे आठवडे मुरल्याशिवाय तो थापीला हात लावत नसे. दुसऱ्या एका कामात खाऱ्या जागेची रेती आली आणि भिंत दर पावसाळ्यात घामेजू लागली, म्हणून पुढे तो बादलीतले पाणी नितळ दिसेपर्यंत रेती धुऊन घ्यायचा. आपल्या चुका त्याला तारीखवार नसल्या तरी भिंतवार पाठ होत्या. मला मात्र माझ्या बारा वर्षांपूर्वीच्या कामाची चूक आत्या नात्यातली होती म्हणून कळली. नंतर मी माझ्या जुन्या डायऱ्या काढून मोजले; १९९१ ते २००३ या काळात तशाच पद्धतीने मी अकरा जुन्या इमारती ‘दुरुस्त’ केल्या होत्या. त्यांपैकी एकाही ठिकाणाहून मला तक्रार आली नव्हती. बिल मिळाले होते, माणसे बदलली होती, आणि माझा अनुभव दर वर्षी एकाने वाढत होता.

आपल्यापुढे जो मुद्दा मला मांडायचा आहे तो एवढाच आहे. केलेल्या कामाचा परिणाम करणाऱ्यापर्यंत परत येत असेल आणि तो पाहून करणारा आपली पद्धत बदलत असेल, तरच वर्षांमागे शहाणपण साठते. पोळी करणाऱ्या बाईला तिची चूक तव्यावरच कळते, आणि पुढची पोळी ती वेगळी लाटते. म्हणून वीस वर्षे पोळ्या करणाऱ्या बाईवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. सिमेंटच्या गिलाव्याची चूक दहा-बारा वर्षांनी कळते आणि तीही दुसऱ्यालाच. अशा धंद्यात चाळीस वर्षे काढलेला माणूस प्रामाणिक असू शकतो, कष्टाळू असू शकतो, वेळेवर येणारा असू शकतो, आणि तरीही त्या एका बाबतीत पहिल्या दिवशी होता तिथेच असू शकतो. फरक पडतो तो आत्मविश्वासात, आणि सभेत आपण बहुधा त्यालाच अनुभव समजतो.

हा केवळ गवंडीकामाचा दोष नाही. वैद्यकासारख्या, जिथे शिक्षण आणि परवाना दोन्ही लागतात अशा व्यवसायातही हे तपासले गेले आहे. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २००५ साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यवसायातील वर्षे वाढतात तशी डॉक्टरांची कामगिरी सुधारते का, असा त्यातला प्रश्न होता. निम्म्याहून अधिक अभ्यासांत उलट दिसले. वर्षे वाढली तशी अद्ययावत ज्ञान आणि मान्य उपचारपद्धतीचे पालन यांत घसरण आढळली. पुढे २००९ मध्ये डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी, ज्यांपैकी पहिले तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेवर शंका घेणारे आणि दुसरे तिचा अभ्यास करून तिचे मोल जाणणारे, एकत्र लेख लिहिला. अनुभवी माणसाच्या अंदाजावर केव्हा विसंबावे याविषयी त्यांचे दोन गोष्टींवर एकमत झाले: कामाच्या क्षेत्रात काही नियमितपणा असला पाहिजे, आणि करणाऱ्याला आपल्या निर्णयाचे फळ वेळेवर व स्पष्ट दिसले पाहिजे. माझ्या मते त्या कडियाने दसऱ्यानंतरच्या फेऱ्यांतून ही दुसरी अट स्वतःसाठी मुद्दाम निर्माण केली होती. धंद्याने ती त्याला दिलेली नव्हती.

आणि काही चुकांना तर जाब विचारणाराच एका पिढीत एकदा येतो. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भूकंप झाला आणि केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी कित्येकींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि वाहनतळ होता. तशा इमारती बांधणाऱ्यांपाशी अनुभव कमी नव्हता. एकाच नमुन्याच्या इमारती त्यांनी वर्षानुवर्षे उभ्या केल्या होत्या आणि त्या उभ्या होत्या. त्या सकाळपर्यंत त्यांच्या खांबांना आडवा धक्का देऊन कोणी पाहिले नव्हते, एवढेच. तो धक्का किती असेल आणि खांब तो कसा घेईल, हे आधी कागदावर मांडणारे शास्त्र होते, भारतीय मानके होती. त्यांची जागा ‘आम्ही नेहमी असेच करतो’ या वाक्याने घेतली होती.

हे वाक्य आमच्या संस्थेच्या सभेतही उच्चारले गेले, म्हणून तिथल्या प्रस्तावित कामातील एका कलमाकडे लक्ष वेधतो. मिस्त्रींच्या सूचनेनुसार वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील दिवाणखान्याचा सागवानी कडीपाट, म्हणजे तुळया-फळ्यांचे छत, काढून तिथे काँक्रीटचा स्लॅब घालायचा आहे. खोली साधारण पाच मीटर बाय चार मीटर आहे. पाच इंची स्लॅब धरला तर दर चौरस मीटरला तीनशे किलोहून अधिक वजन होते, म्हणजे त्या एका खोलीच्या डोक्यावर सव्वासहा टन, आणि त्यात फरशी, माणसे आणि गणेशोत्सवातील खुर्च्या धरलेल्या नाहीत. हे वजन ज्या भिंतींवर जाणार त्या मातीत आणि चुन्यात बांधलेल्या, खालून ओल धरलेल्या आहेत. मिस्त्रींनी असे स्लॅब अनेक ठिकाणी घातले असतील, आणि त्यांतला एकही पडला नसेल. परंतु भिंतीची वीट किती दाब घेते, पायाखाली काय आहे, तुळयांची टोके कुजली आहेत की केवळ काळी पडली आहेत, यांपैकी एकही गोष्ट अजून कोणी पाहिलेली नाही. मी मिस्त्रींशी स्वतंत्रपणे बोललो. ते सज्जन गृहस्थ आहेत, आणि त्यांनी उघडपणे कबूल केले की वजनाचा हिशेब त्यांनी कधी केला नाही, कारण कोणी कधी मागितला नाही. हा दोष मी त्यांच्यापेक्षा मागणाऱ्यांकडे अधिक देतो.

इथे कोणी म्हणेल की हा पदवीधर माणूस शेवटी पदवीची वकिली करणार. तसे मला करता येणार नाही. मी शिकलो तेव्हा आमचा भर सिमेंट आणि काँक्रीटवर होता. चुना हा जवळपास इतिहासाचा विषय मानला जायचा. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन सावकाश कठीण होणारा चुना आणि पाण्याखालीही घट्ट होणारा जलीय चुना यांत फरक असतो, आणि आयएस ७१२ हे मानक चुन्याचे असे वर्ग पाडते, हे मला परीक्षेपुरते माहीत होते. आत्याच्या भिंतीसमोर ते मला आठवलेसुद्धा नाही. पदवी मला स्लॅबचे वजन काढायला शिकवते, चुना मुरला की नाही हे सांगत नाही. त्या कडियाला दुसरे कळत होते आणि पहिले कळत नव्हते, आणि तो ते स्वतःहून सांगायचा. आपल्या वाड्याला या दोघांचीही गरज आहे.

ज्या शहरात आपण राहतो त्याला ही गोष्ट नवी नसावी. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यात पिढीजात कारागिरांची वाण नव्हती. रंगारी होते, सुतार होते, विणकर होते, आणि त्यांच्याकडे वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर कित्येक पिढ्यांचा अनुभव होता. तरीही १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले, तिथे रंगकाम रसायनशास्त्रासह आणि सुतारकाम रेखाटनासह शिकवले गेले. वाचनालयांचे जाळे उभारायचे ठरले, तेव्हा महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना १९१० मध्ये आणले, आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. पुस्तके सांभाळण्याचा सराव असलेली माणसे संस्थानात नक्कीच असतील. त्यांना घरी पाठवले गेले नाही, शिकवले गेले.

लक्ष्मीविलास राजवाड्याची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. मूळ वास्तुविशारद मेजर मँट यांना आपले हिशेब चुकले असून इमारत कोसळेल अशी भीती वाटू लागली आणि त्या भीतीतच त्यांचा अंत झाला, असे बडोद्यात सांगतात. पुढे चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदांनी काम पुरे केले आणि राजवाडा आजही उभा आहे. गाइड लोक ही गोष्ट शोकांतिका म्हणून सांगतात. मला ती ऐकताना दर वेळी वाटते की मँट यांच्याजवळ बसून ते आकडे पुन्हा एकदा तपासणारे कोणी हवे होते. शंका येणे हा कमीपणा नव्हता. ती एकट्याने वागवावी लागली, हे वाईट झाले. आपल्या वाड्याच्या बाबतीत शंका घेणाऱ्याला चहा दिला जातो, ही त्या मानाने प्रगती म्हणावी लागेल.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की निविदेतील ‘किमान २५ वर्षांचा अनुभव’ ही ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी काम घेऊ इच्छिणाऱ्याला जुन्या चुन्याच्या भिंतीवर केलेली, किमान पाच पावसाळे पाहिलेली दोन कामे दाखवायला सांगावे. ती कामे विश्वस्तांनी स्वतः जाऊन, शक्यतो पावसाळ्याच्या अखेरीस, पाहावीत. गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक करावी, पोकळ आवाज आला तर तो कुणालाही कळतो, त्यासाठी पदवी लागत नाही. त्याच भेटीत त्याला विचारावे की त्याचे कोणते काम बिघडले आणि त्यानंतर त्याने काय बदलले. ज्याचे एकही काम कधी बिघडले नाही, त्याच्याबद्दल मी अधिक सावध राहीन. कडीपाट काढण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून भिंतींची आणि तुळयांच्या टोकांची तपासणी करून लेखी हिशेब घ्यावा. त्याचा खर्च स्लॅबच्या खर्चापुढे किरकोळ असेल. संपूर्ण भिंतीला हात लावण्याआधी एका कोपऱ्यात दोन हात रुंदीचा नमुना करून तो एक पावसाळा तसाच ठेवावा. घाई कशाची आहे? वाडा आपल्या आजोबांच्या आधीपासून उभा आहे. आणि आज जे ठरेल ते कोणी, कोणत्या चुन्याने, कोणत्या महिन्यात केले, याची एक वही संस्थेच्या कपाटात राहू द्यावी, म्हणजे पंधरा वर्षांनी पोपडे आले तर ते कोणाला विचारायचे हे त्या वेळच्या विश्वस्तांना कळेल.

मिस्त्रींनाही या कामात जरूर घ्यावे. त्यांच्या हातात सफाई आहे, आणि माझ्या मते त्यांना आणि त्यांच्या मुलाला चुन्याचे काम जाणणाऱ्या कारागिराबरोबर एक हंगाम काढता आला तर पुढची वीस वर्षे या शहरातील वाड्यांना एक चांगला माणूस मिळेल. त्यांनी स्वतः मला विचारले की असे शिकवणारे कुठे आहेत. त्यांच्या मुलाच्या शिकण्याचा थोडा खर्च संस्थेने उचलला तर मी माझा वाटा देईन.

शेवटी एक निमंत्रण. २००३ मध्ये त्या कडियाने आत्याच्या भिंतीची उजवी बाजू चुन्याने पुन्हा केली; डावीकडे पोहोचेपर्यंत आत्याचे पैसे संपले, म्हणून तिथे माझे सिमेंट तसेच राहिले. आत्या आता नाही, पण भिंत आहे आणि दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतात. किल्ली माझ्याकडे आहे. येत्या कोणत्याही रविवारी यावे, मात्र सकाळी नऊच्या आत; नंतर खिडकीतून ऊन भिंतीवर येते आणि ओलीचा पट्टा नीट दिसत नाही.

आपला नम्र,
एक आजीव सभासद व निवृत्त स्थापत्य अभियंता
दांडिया बाजार, बडोदे